काठावरच्या फोनची पाळी

गावी आईचं घर टॉवरपासून लांब, टेकडीआड. तिचा व्हिडिओ कॉल अडखळला की मला टॉवरमधला, फोनांच्या पाळ्या ठरवणारा शेड्यूलर आठवतो. एमटेकचा प्रबंध त्याच्यावरच होता. फोरजीचा टॉवर दर 1 मिलिसेकंदाला ठरवतो, कुणाला किती रिसोर्स ब्लॉक, म्हणजे रेडिओ लहरींच्या पट्ट्याचे छोटे तुकडे, द्यायचे. 20 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ते 100च. फक्त उत्तम सिग्नलवाल्यांनाच वाढत गेलं तर एकूण वेग भरपूर दिसतो, पण टॉवरच्या टप्प्याच्या काठावरचा उपाशी राहतो. प्रपोर्शनल फेअर पद्धत आत्ता मिळू शकणाऱ्या वेगाला आजवरच्या सरासरीने भागते. ज्याचा भागाकार मोठा, त्याची पाळी. उपाशी राहिलेल्याची सरासरी घसरते, म्हणून त्याचाही नंबर लागतोच. हा भागाकार मला फार आवडतो! तरी कॉलला तेवढं पुरत नाही, पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, उशिरा पोचलं तर वायाच. म्हणून मी त्या भागाकाराला रांगेतल्या पॅकेटच्या प्रतीक्षेने गुणलं होतं, आणि सिम्युलेशनमध्ये काठावरचे कॉल कमी तुटले.