अंगठा आणि फुली

गेल्या पावसाळ्यात डिचोलीहून म्हापशाला जाताना बसमध्ये एक कादंबरी वाचायला घेतली आणि अस्नोडा कधी गेलं ते कळलंच नाही. सुजाता मॅसी यांची ‘द विडोज ऑफ मलबार हिल’. पुस्तक २०१८ चं, गोष्ट १९२१ च्या मुंबईतली. परवीन मिस्त्री ही पारशी मुलगी बापाच्या कचेरीत सॉलिसिटर म्हणून काम करते. एका मयत गिरणीमालकाचे कागद ती चाळत बसली आहे. त्याच्या मागे तीन बायका, तिघी गोषातल्या. तिघींनीही आपला सगळा हक्क धर्मादायाला लिहून दिला आहे. आता या खाणार काय, हा परवीनचा पहिला प्रश्न. आणि मग तिला दिसतं की एकीने सहीच्या जागी नुसती फुली मारली आहे.

त्या फुलीपाशी मी पुस्तक मिटलं आणि म्हापसा येईपर्यंत उघडलं नाही.

मी बावीस वर्षं एका वकिलांच्या कचेरीत दस्त टाइप करते. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवऱ्याच्या मालमत्तेत बायको अर्धी धनीण असते. तिच्या सहीशिवाय घर किंवा जमीन विकता येत नाही. १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडातून आलेली ही पद्धत इथे अजून चालते. त्यामुळे आमच्या बाकावर रोज बायका येऊन बसतात. शुक्रवारी तर बाजाराच्या पिशव्या पायाशी ठेवूनच बसतात. सह्या करणाऱ्या आता जास्त, पण म्हाताऱ्यांचे अंगठे अजून येतात. मी स्टॅम्प पॅड पुढे करते, अंगठा धरून कागदावर टेकवते, मग पुसायला वर्तमानपत्राचा तुकडा देते. बहुतेकजणी तो घेत नाहीत, अंगठा केसांवरच पुसतात. पांढऱ्या केसांत तो निळा डाग घरी जाईपर्यंत राहतो.

म्हणून ही कादंबरी माझ्या घरचीच वाटली. परवीन हुशार आहे, धीट आहे, ते सगळं खरंच. पण तिचं सगळं बळ एका गोष्टीत आहे: तिला आतल्या दारातून जाता येतं. त्या तिघी परपुरुषासमोर येत नाहीत. पोलीस, मुनीम, स्वतः तिचा बापसुद्धा पडद्याच्या बाहेरच अडतो. ती मात्र जाऊन त्यांच्याजवळ बसते आणि विचारते, तुम्ही हे वाचून सही केलीत का? खून त्यानंतर होतो. माझ्यासाठी खरं रहस्य त्या प्रश्नातच होतं.

असं बाईमाणूस त्या काळी खरोखर होतं. कॉर्नेलिया सोराबजी, १८६६ मध्ये आपल्या नाशिकला जन्मलेली. ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा १८९२ मध्ये दिली, पण पदवी हातात पडली १९२२ मध्ये. बाई म्हणून तीस वर्षं! मधल्या काळात तिने बंगालमध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्सची, म्हणजे पोरक्या वारसांच्या इस्टेटी सांभाळणाऱ्या सरकारी खात्याची, कायदा सल्लागार म्हणून गोषातल्या शेकडो बायकांची आणि पोरक्या मुलांची कामं केली. वकिलीचं दार बायकांना आपल्याकडे कायद्याने उघडलं ते १९२३ मध्ये. परवीनच्या पात्रामागे ही कॉर्नेलिया आहे आणि मुंबई हायकोर्टात वकिली करणारी पहिली बाई मिठन टाटा लामही आहे. १९२१ मध्ये ते दार बंदच, म्हणून कादंबरीतली परवीन कोर्टात उभी राहून बोलू शकत नाही. ते बापालाच करावं लागतं.

तिकडे अमेरिकेतही हेच. केट वॉर्न नावाची विधवा १८५६ मध्ये शिकागोच्या पिंकर्टन डिटेक्टिव्ह कंपनीत गेली. मालकाला वाटलं, कारकुनाची नोकरी मागायला आली असेल. तिने सांगितलं, मला डिटेक्टिव्ह व्हायचंय, जिथे पुरुषाला शिरता येत नाही तिथली गुपितं मी काढीन. आणि काढली. पैशांच्या अपहाराच्या एका मोठ्या खटल्यात तिने संशयिताच्या बायकोशीच मैत्री जोडली. १८६१ मध्ये लिंकनला मारण्याच्या कटाची कुणकुण लागली तेव्हा त्याला आजारी भाऊ म्हणून रात्रीच्या गाडीने घेऊन जाणारी ‘बहीण’ हीच.

या प्रकारच्या कादंबऱ्या मी आता मिळतील तिथून आणते, बऱ्याचशा पणजीला पाट्टोच्या सेंट्रल लायब्ररीतून. सगळ्या आवडत नाहीत. काहींत नायिकेला जुन्या काळचे कपडे घातलेले असतात, पण ती वागते आजच्या मुलीसारखी. रात्रीबेरात्री एकटी फिरते, कुणी हटकत नाही, घरी कुणी विचारत नाही. मग गोष्ट लगेच पातळ होते. अडवणूक काढून टाकली तर बाई डिटेक्टिव्ह घ्यायचीच कशाला? परवीनच्या दुसऱ्या पुस्तकात ती पावसात सह्याद्रीतल्या एका संस्थानात जाते, तीही पालखीतून, कारण तिथल्या दोन राण्या पुरुष वकिलासमोर येणार नाहीत. वाटेतला चिखल, भोई, मुक्काम यांतच निम्मा जीव आहे. ते मला खुनापेक्षा जास्त आवडलं.

आपल्या गोव्यावर अशी कादंबरी कुणीतरी मराठीत लिहायला हवी, असं फार वाटतं. साल १९११ घ्या. पोर्तुगालात राजा जाऊन प्रजासत्ताक आलंय. लोकांच्या तोंडी कोंकणी, पत्रं मराठीत, सरकारी कागद पोर्तुगीजमध्ये आणि जुनी खातेवही मोडी लिपीत. एक पुरावा चार ठिकाणी लपवायला यापेक्षा चांगली जागा कुठली? आणि डिटेक्टिव्ह करायची ती सुईण. तिला ब्राह्मणाच्या माजघरातही बोलावतात आणि भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरातही. कोण कधी जन्मलं, आधी कोण, नंतर कोण, हे नोंदवहीपेक्षा तिला नक्की ठाऊक. गांवकराच्या मुलाला कोमुनिदादीचा, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचा, झोण (उत्पन्नातला वाटा) मिळतो, वारशात पोरांचा वाटा बापालाही पूर्ण तोडता येत नाही. एका जन्मतारखेवर माड, भाट (बागायत), घर सगळं इकडचं तिकडे होऊ शकतं. मी कुळागरापासून (पोफळीच्या बागेपासून) सगळा नकाशा डोक्यात काढून ठेवलाय. लिहिणं मला जमणार नाही, ते काम कसलेल्या हाताचं आहे.

पण एक कागद माझ्याकडे आहे, तो सांगते.

माझ्या आईच्या आईचा, १९५४ सालचा. गोव्यात मुलीला बापाच्या मालमत्तेत मुलाइतकाच वाटा कायद्याने तेव्हाही होता. आजीने तो भावांच्या नावे सोडला. कागद पोर्तुगीजमध्ये आहे, घडीच्या जागी फाटत आलाय. खाली आजोबांची वळणदार सही आणि शेजारी आजीचा अंगठा. अंगठ्याच्या मधोमध एक आडवी रेघ आहे, कोयत्याने कापल्याची. ती खूण मी लहानपणी तिच्या हातावर पाहिलेली. कचेरीत हजारो अंगठे पाहिले, पण हा ओळखीचा निघाला तेव्हा हात थांबला.

आई म्हणायची, आजीने आपखुशीने दिलं, भावाबहिणीत वाटा कसला. असेलही. परवीनचं पुस्तक वाचून झाल्यावर मी तो कागद पुन्हा काढला आणि पोर्तुगीज जाणणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून ओळीओळीने समजून घेतला. शेवटच्या ओळींत लिहिलंय की हा दस्त सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवला आणि मजकूर समजावून दिला. आजीला पोर्तुगीजमधला ‘ओब्रिगाद’ (आभार) सोडून एक शब्द येत नव्हता. कोणी, कुठल्या भाषेत समजावलं, ते त्या कागदात नाही. विचारायला आजीही नाही.

मागच्या महिन्यात पेडण्याकडच्या एक आजी मुलांबरोबर आल्या होत्या. दस्त तेरा पानांचा. मुलगे घाई करत होते, बाहेर रिक्षा थांबली होती. मी पॅड बाजूला ठेवलं आणि सगळा मजकूर कोंकणीत सांगत गेले, सर्व्हे नंबर, चारी बाजूच्या हद्दी, कोणाला किती. नवव्या पानावर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

“ही विहीर खंयची गो? परत वाच.”

मी पान मागे घेतलं.