रायझिंग फॉनला जाताय? मोबाइलच्या घड्याळावर विश्वास ठेवू नका

आधीच सांगतो, अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या रायझिंग फॉन या गावात बघण्यासारखं काही नाही. म्युझियम नाही, पुतळा नाही, साधी पाटीही नाही. ब्लूग्रास, म्हणजे गिटार-बॅन्जोवरचं अमेरिकी लोकसंगीत. 'ब्लूग्रास यात्रा' असल्या नावाच्या एका यादीत 'नॉर्मन ब्लेक यांचं गाव, अवश्य भेट द्या' असं वाचून मी गेलो. यादीत जुन्या रेल्वे स्टेशनचा एक झकास फोटोही होता. ते स्टेशन या गावचं नाहीच. पेट्रोल पंपाच्या काउंटरवरच्या पोराला फोटो दाखवला, तर तो म्हणाला, असलं काही इथं नाही. नॉर्मन ब्लेक हे नाव सांगितलं, तर त्यानं मला स्पेलिंग विचारलं.

तरी जा. पण मी केलं तसं करू नका, म्हणून हे लिहितोय.

ज्यांना हा माणूस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ब्लेक म्हणजे जुन्या अमेरिकी लोकसंगीतातले गिटारवादक, गाणी लिहिणारे आणि गाणारे. जन्म १० मार्च १९३८, टेनेसीतल्या चॅटानूगाचा. वाढले जॉर्जिया-अलाबामाच्या सीमेवर सल्फर स्प्रिंग्ज नावाच्या वस्तीत, अगदी रेल्वे रुळाच्या शेजारी. सोळाव्या वर्षी शाळा सोडून मॅन्डोलिन वाजवायला बाहेर पडले. १९६१ मध्ये लष्करात भरती, पनामात रेडिओ ऑपरेटर, तिथंही बँड काढलाच. १९६९ मध्ये नॅशव्हिलला गेले, जॉनी कॅशच्या टीव्ही कार्यक्रमात वाजवलं, त्याच वर्षी बॉब डिलनच्या 'नॅशव्हिल स्कायलाइन' या अल्बमवर वाजवलं. १९७१ मध्ये बॅन्जोवादक जॉन हार्टफर्डबरोबर, १९७२ मध्ये स्वतःचा पहिला अल्बम. त्याचं नावच 'होम इन सल्फर स्प्रिंग्ज'. एवढ्या मोठमोठ्या लोकांबरोबर वाजवून नाव झाल्यावर माणूस नॅशव्हिललाच बंगला बांधतो. हे मात्र लहानपणीच्या रुळापासून काही मैलांवर, रायझिंग फॉनला परत आले.

मी सांगलीला वालचंदच्या हॉस्टेलवर असताना एका मित्राकडे 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' या सिनेमाच्या साउंडट्रॅकची सीडी होती. २००२ मध्ये ग्रॅमीत वर्षाचा सर्वोत्तम अल्बम ठरलेली तीच. सगळे त्यातल्या गाजलेल्या गाण्यावर खूश. मी अडकलो ते ब्लेक यांच्या गिटारपाशी. घाई नाही, करामत नाही. खालच्या तारांवर अंगठ्यानं वाजवल्यासारखा ठेका, वर सूर, आणि सगळं एकाच पिकनं, म्हणजे तारा छेडायच्या चपट्या तुकड्यानं. मी मिरजेचा. सतारमेकरांच्या गल्लीत तारा लावताना कान धरून बसलेली माणसं लहानपणापासून पाहिलेली, त्यामुळे 'फास्ट' वाजवणाऱ्याचं मला फारसं कौतुक नाही. आणि जंक्शनच्या गावचा असल्यामुळे रेल्वेची गाणी लिहिणारा माणूस मला परका वाटेना. त्यांच्या 'जिनसेंग सलिव्हन'मधला म्हातारा रेल्वे यार्डापासून तीन मैलांवर खोपटात राहतो आणि डोंगरात जिनसेंगची औषधी मुळं खणून डेल्टातल्या घरी परत जाण्यापुरते पैसे जमवू पाहतो. मिरजेच्या यार्डाच्या कडेला मी असे तीन-चार सलिव्हन पाहिलेत. त्यांना जायचं असायचं विजापूर नाहीतर गुलबर्ग्याकडं.

असो. आता कामाचं.

ऑक्टोबर २०२३. ताई आणि दाजी अटलांटाजवळ राहतात. घरची गाडी ताईला हवी होती म्हणून मी आणि दाजींनी भाड्याची घेतली आणि शुक्रवारी दुपारी निघालो. चॅटानूगा दोन तासांवर आहे. पहिला फटका इथंच बसला. अटलांटाच्या उत्तरेला आय-७५ वर एक्सप्रेस लेन आहेत. सकाळी शहराकडे येणाऱ्यांसाठी आणि दुपारनंतर बाहेर जाणाऱ्यांसाठी उलट्या फिरवतात. दाजी बोलता बोलता त्यात शिरले. टोल झाला जेमतेम अडीच डॉलर. महिन्याभरानं गाडीवाल्या कंपनीचं बिल आलं, टोल अडीच आणि वर 'सेवा शुल्क' तीस डॉलर. गाडी जितके दिवस आपल्याकडे तितके दिवस रोजचं शुल्क, टोल एकदाच लागला तरी! करारात कुठंतरी बारीक अक्षरात असतं म्हणे. मी वाचलं नव्हतं, तुम्ही वाचा. काउंटरवर 'टोलचं काय?' हे स्पष्ट विचारा. मोबाइलच्या नकाशावर 'टोल टाळा' हा पर्याय चालू करून गाडी हलवा. तीस डॉलरमध्ये तारांचे तीन सेट आले असते. अजून विसरलेलो नाही.

शनिवारी सकाळी क्लाउडलँड कॅनियन. रायझिंग फॉन आणि ट्रेंटन या दोन गावांच्या वर, लुकआउट माउंटनवर हे राज्य उद्यान आहे. गाडीमागे पाच डॉलर घेतले, तक्रार नाही. थोडा इतिहास सांगतो, कारण त्यावरून ब्लेक यांची गाणी कळतात. हा डेड काउंटी नावाचा कोपरा जॉर्जियाचाच, पण १९३९-४० च्या सुमारास १३६ नंबरचा रस्ता होईपर्यंत जॉर्जियातून इथं यायला धड रस्ताच नव्हता. टेनेसी नाहीतर अलाबामातून वळसा घालून यावं लागायचं. म्हणजे ब्लेक जन्मले तेव्हा हे गाव आपल्याच राज्यापासून तुटलेलं होतं. दरीतून रेल्वे मात्र जात होती. मग गाणी रेल्वेचीच होणार, दुसरं काय?

उद्यानात दोन धबधबे आहेत, चेरोकी आणि हेमलॉक. सगळीकडे फोटो बघाल ते वसंतातले, पावसानंतरचे. ऑक्टोबरात एकातून गळक्या नळाइतकं पाणी येत होतं आणि दुसऱ्यात कातळ ओला होता, एवढंच. आणि त्यासाठी पायऱ्या किती? सहाशे. तेवढ्याच परत चढायच्या. पायऱ्या लोखंडी जाळीच्या, खाली बघितलं की आरपार दरी दिसते. सिंहगड तासाभरात चढणाऱ्याला दम लागणार नाही, पण जाळीवरून उतरताना गुडघ्यांचं जे होतं ते सिंहगडावर होत नाही. दाजी दोनशेव्या पायरीला थांबले आणि म्हणाले, "पाव्हणं, त्या गिटारवाल्याचा आणि ह्या पायऱ्यांचा संबंध काय?" संबंध काही नव्हता. यादीत होतं म्हणून गेलो होतो.

कोरड्या दिवसांत जाणार असाल तर पायऱ्या सोडून द्या. वर कड्यावरच्या वाटेनं अर्धा तास चाला, दरी तिथूनच उत्तम दिसते. धबधबाच हवा असेल तर मार्चमध्ये या. तळव्यांची पकड चांगली असलेले बूट हवेत. चपला घालून आलेलं एक कुटुंब भेटलं, त्यांचं पुढं काय झालं देव जाणे.

दुपारी खाली उतरून हायवे ११ नं दक्षिणेला गेलो. ही दरी निमुळती आहे. पूर्वेला लुकआउट माउंटन, पश्चिमेला सँड माउंटन, मधे ओढा, जुना हायवे, नवा हायवे आणि रूळ, सगळे एकमेकांना खेटून. नवा आय-५९ घेऊ नका, त्यावरून काही दिसत नाही. सल्फर स्प्रिंग्ज ही आता चार घरांची वस्ती आहे. गाण्यातलं बॅटेल यार्ड सीमेपलीकडे अलाबामात. एकेकाळी तिथं लोखंडाच्या भट्टीचं गाव होतं, आता सगळ्यावर कुडझूची वेल. विजेच्या खांबापासून पडक्या भिंतीपर्यंत सगळं हिरव्या गोधडीखाली झाकलेलं. रस्त्यावरूनच बघा. बहुतेक जागा खासगी आहे आणि 'आत येऊ नये'च्या पाट्या तिथं शोभेसाठी लावलेल्या नसतात.

आणि आता तो तास.

जॉर्जिया ईस्टर्न वेळेवर चालतं, अलाबामा सेंट्रल, म्हणजे एक तास मागे. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच, की सीमेवर मोबाइल अलाबामाचा टॉवर पकडतो, गुपचूप एक तास मागे जातो आणि जॉर्जियात परत आल्यावरही बराच वेळ तो टॉवर सोडत नाही. चॅटानूगात शनिवारी चार ते सहा एक जॅम असतो असं कळलं होतं. जुनी गाणी वाजवणारे लोक, कुणीही वाद्य घेऊन बसावं. मी खास त्यासाठी पुण्याहून पिक आणले होते आणि अटलांटात एकाची गिटार उसनी घेतली होती. 'सलिव्हन' सहा महिने बसवत होतो.

रायझिंग फॉनला परत आलो तेव्हा दाजींनी मनगट पुढं केलं. त्यांच्या हातात सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, लग्नात दिलेलं चावीचं एचएमटी. "पाव्हणं, माझं घड्याळ पुढं गेलंय का? पावणेपाच दाखवतंय." माझ्या मोबाइलवर पावणेचार. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "दाजी, आता विका ते." त्यांनी बिचाऱ्यांनी काटे एक तास मागं केले. माझ्या सांगण्यावरून! बरोबर चालणारं एकमेव घड्याळ आम्ही चुकीचं करून घेतलं.

चॅटानूगाजवळ मोबाइल एकदम पुढं उडाला. गाडी लावून आत पोचेपर्यंत पावणेसहा. लोक केस बंद करत होते. एक आजी बॅन्जोच्या तारा फडक्यानं पुसत होत्या. मला बघून म्हणाल्या, पुढच्या महिन्यात या. पुढच्या महिन्यात मी हिंजवडीत असणार होतो.

तेव्हा वेळ आपोआप बदलण्याची सेटिंग बंद करा, निघतानाच, आणि ईस्टर्नवर ठेवा. एवढं एकच केलंत तरी या लेखाचं सार्थक झालं. चॅटानूगाहून पश्चिमेला आय-२४ नं गेलात तरी पुढं हाच घोळ आहे.

आणखी दोन गोष्टी. गिटार गाडीच्या डिकीत ठेवू नका. ऑक्टोबरातसुद्धा बंद गाडी उन्हात तापते, सरस मऊ होतो आणि ब्रिज, म्हणजे तारा अडकवायची घोडी, उचलला जातो. आम्ही सहाशे पायऱ्या उतरलो तेव्हा उसनी गिटार डिकीत होती आणि मला प्रत्येक पायरीला ती आठवत होती. वाचली, नशीब.

दुसरी गोष्ट ठामपणे सांगतो. ब्लेक यांचं घर शोधू नका. पत्ता विचारू नका, 'फक्त गेटपाशी फोटो' हेही नको. आम्ही गेलो तेव्हा ते पंच्याऐंशीचे होते. या माणसानं सगळं मिळण्याची शक्यता असताना गाजावाजा सोडून या दरीत राहायचं ठरवलं. आपण हजारो मैलांवरून आलो म्हणून त्यांनी दार उघडावं असं काही नाही. दाजी म्हणाले होते, "एवढ्या लांब आलाय, नमस्कार तरी करून जा." मी नाही म्हणालो. त्याबद्दल काहीही वाईट वाटत नाही, जॅम चुकल्याचं मात्र वाटतं.

रविवारी चॅटानूगात जुन्या वाफेच्या गाडीत बसलो. छान होती, जा. तिथलं टर्मिनल स्टेशन १९०९ चं, प्रवासी गाड्या १९७० मध्ये बंद झाल्या. आज सलिव्हननं पैसे जमवले असते तरी तिकीट काढायला त्याला इथं गाडी मिळाली नसती.

राहिलं ते आम्ही घालवलेल्या त्या तासाबद्दल. वेळ भरपूर आहे या भ्रमात रायझिंग फॉनच्या रेल्वे फाटकाजवळ गाडी लावून बसलो होतो. दाजींनी ताईनं दिलेले थालीपिठाचे तुकडे काढले. समोर रूळ, पलीकडे सँड माउंटनवर उतरतं ऊन. कुत्रंसुद्धा नाही. मी गिटार काढून हळूच वाजवायला लागलो, तेवढ्यात लांबून भोंगा आला. दोन लांब, एक आखूड, मग एक लांब. फाटकाजवळ हाच क्रम असतो. मालगाडी आली ती काही वेगात नव्हती. लादलेल्या डब्यांचा जड आवाज, मधेच रिकाम्याचा हलका, सांध्यावर खट-खट, खट-खट. मी सहा महिने मेट्रोनोम लावून जो ठेका धरायचा प्रयत्न करत होतो, आणि दर वेळी पुढं पळत होतो, तो समोरून चालला होता. मी गिटार त्याला जुळवली नाही, जमलंही नसतं. नुसता उजवा हात तारांवर दाबून धरला आणि मनगट हलवत राहिलो. शेवटचा डबा गेल्यावरही हात तसाच हलत होता.

दाजी डबे मोजत होते. एकशे तेरा, म्हणाले. माझे एकशे अकरा झाले होते. आमचा यावरून चॅटानूगापर्यंत वाद चालला.