१.४६ टक्के

आमच्या धंद्यात दशांश चिन्हाच्या उजवीकडे काय आहे ते बाहेर सांगत नाहीत. निवडणुकीच्या पोलचा आकडा पूर्णांकात छापायचा, बाकीचं ऑफिसात ठेवायचं. यात लपवाछपवी काही नाही. चारशे-साडेचारशे माणसांना फोन करून काढलेल्या टक्केवारीत दशांशाला अर्थ नसतो, पण तो छापला की वाचणाऱ्याला वाटतं की असणार. ऑगस्ट २०१९ मधल्या एका दिवशी मात्र माझ्या स्क्रीनवरच्या अशाच एका दशांशापाशी एका माणसाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी येऊन अडकली. त्याचं नाव इथे लिहिणार नाही. आमच्या कंपनीचंही नाही आणि ज्यांच्यासाठी पोल केला त्यांचंही नाही.

मी मूळची साताऱ्याची. पुण्यात संख्याशास्त्र शिकले आणि बऱ्याच वळणांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका सर्वेक्षण कंपनीत पोचले. माझं काम वेटिंगचं, म्हणजे उत्तरांना वजन द्यायचं. फोन उचलणारी माणसं आणि मतदान करणारी माणसं सारखी नसतात. साठीपुढचे, पदवीधर, गोरे लोक फोन उचलतात, आणि वर गप्पाही मारतात. विशीतली, कॉलेज न केलेली मुलं अनोळखी नंबर बघून फोन कापतात. त्यामुळे जे थोडे तरुण हाती लागतात त्यांचं उत्तर जास्त मोजायचं आणि आजी-आजोबांचं कमी. प्रत्येकाला एक वजन द्यायचं: कुणाला ०.६, कुणाला २.३. वय, लिंग, वंश, शिक्षण, प्रदेश हे सगळं जनगणनेच्या आकड्यांशी जुळेपर्यंत संगणक ही वजनं हलवत राहतो. २०१६ मध्ये कित्येक राज्यांतले पोल चुकले त्याचं एक मोठं कारण शिक्षणाचं वजन दिलं नव्हतं हे होतं. तेव्हापासून आमच्या खात्याकडे लोक जरा आदराने बघतात.

त्या वर्षी डेमोक्रॅटिक पक्षात वीसहून जास्त इच्छुक होते. टीव्हीवरच्या वादसभेत एवढ्यांना उभं कुठे करणार? चार वर्षांपूर्वी रिपब्लिकन पक्षाचंही हेच झालं होतं. सतरा उमेदवार होते, त्यातले दहा रात्रीच्या मुख्य मंचावर घेतले आणि उरलेल्यांना संध्याकाळी पाच वाजता, रिकाम्या प्रेक्षागृहासमोर बोलायला लावलं. ती नामुष्की टाळायला डेमोक्रॅटिक नॅशनल कमिटीने आकड्यांची चाळण लावली. जून-जुलैच्या पहिल्या दोन फेऱ्यांना ती सैल होती: तीन पोलमध्ये १ टक्का किंवा ६५,००० देणगीदार. मायामीला वीस जण दोन रात्रींत विभागून उभे राहिले. सप्टेंबरच्या ह्यूस्टनच्या फेरीसाठी चाळण बारीक झाली. आता देणगीदार १,३०,००० हवेत, किमान वीस राज्यांत प्रत्येकी ४०० तरी हवेत, *आणि* चार पोलमध्ये २ टक्के हवेत. आधी ‘किंवा’ होतं, तिथे ‘आणि’ आलं. पोल कुठलेही चालणार नव्हते, कमिटीच्या यादीतल्या संस्थांचेच हवे होते. मुदत २८ ऑगस्ट.

देणगीदार तरी पैसे ओतून मिळवता येत होते. एक-एक डॉलर मागणाऱ्या जाहिरातींवर दर डॉलरमागे त्याच्या कितीतरी पट खर्च करून उमेदवार आकडा गाठत होते. पोलचे २ टक्के विकत मिळत नव्हते. ते आमच्यासारख्यांच्या हातात होते, आणि आम्हाला ही जबाबदारी नको होती.

हे उगाच म्हणत नाही. २०१५ मध्ये रिपब्लिकन वादसभा घेणाऱ्या वाहिनीने पोलची सरासरी काढून मंचावरच्या जागा ठरवायचं जाहीर केलं, तेव्हा मॅरिस्ट या नावाजलेल्या संस्थेने वादसभेआधी आपला प्राथमिक फेरीचा, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडण्याच्या फेरीचा, पोलच थांबवला होता. हवेचा रोख सांगायला बनवलेल्या वस्तूवर माणसं निवडायची नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते पटतं. तरी आम्ही पोल केला, कारण कंत्राट होतं.

तर तो दिवस. आदल्या रात्री फोन संपले होते. सकाळी मी वजनं चालवली. एकूण नमुन्यात डेमोक्रॅट आणि त्या बाजूला झुकणारे मिळून ४३६ जण. बायडन, वॉरन, सँडर्स हे आघाडीचे उमेदवार जिथे असायचे तिथेच होते, तिकडे कुणी बघतही नव्हतं. बॉसने खुर्ची ओढून यादीच्या तळावर बोट ठेवलं. तिथे आपला हा उमेदवार. त्याला सहा जणांनी पसंती दिली होती. सहांपैकी पाच जण साठीपुढचे पदवीधर. त्यांची वजनं ०.५२, ०.६१, ०.६६, ०.७४, ०.८४. म्हणजे पाच माणसं मिळून जेमतेम साडेतीन माणसांइतकीही भरत नव्हती. सहावा तेवीस वर्षांचा, लॅटिनो, कॉलेजात न गेलेला मुलगा. त्याचं वजन ३.

बेरीज ६.३७. भागिले ४३६. १.४६ टक्के.

१.५ झाले असते तर छापताना २ झाले असते. कमिटी छापलेला आकडाच धरत होती, मागचं काही विचारत नव्हती. ६.५४ हवे होते आणि ६.३७ मिळाले. एका माणसाचा सहावा हिस्सा कमी पडला.

आता गंमत अशी की त्या मुलाचं वजन मुळात ३ नव्हतंच. संगणकाने ते ४.१ काढलं होतं. पण आमच्याकडे नियम आहे की कुणाचंही वजन तीनच्या वर जाऊ द्यायचं नाही, छाटायचं. कारण उघड आहे. २०१६ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्स आणि यूएससी विद्यापीठाच्या पोलमध्ये इलिनॉयमधल्या एका १९ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला सरासरी माणसाच्या तीसपट वजन पडलं होतं. तो ट्रम्पच्या बाजूचा होता, आणि तो पोलमध्ये असला-नसला की राष्ट्रीय आकडा हलायचा. तसं होऊ नये म्हणून छाटणी. पण कुठे छाटायचं याचा काही दैवी आदेश नाही. काही संस्था पाचपर्यंत जाऊ देतात. आम्ही पाच धरला असता तर या मुलाचे ४.१ तसेच राहिले असते, उमेदवाराचे १.७ झाले असते, आणि छापताना २.

आमच्याकडे उन्हाळ्यापुरता आलेला एक इंटर्न हे बघून म्हणाला, “मग पाच धरून बघूया का?” बॉस त्याच्याकडे बघून नुसती हसली. मला त्याचा राग आला नाही. निकाल बघितल्यावर मोजपट्टी बदलायची नाही हे पुस्तकात वाचून कळतं, पण समोर नाव असलेला माणूस लटकलेला असताना ते पाळणं काय असतं, हे त्याला त्या दिवशी दिसलं. तीनचा नियम फोन सुरू होण्याआधी लिहून ठेवलेला होता. म्हणून तीन. विषय संपला.

संपला नाही. बॉसला वाटलं की नोंदी तरी बरोबर आहेत ना, ते रेकॉर्डिंग ऐकून तपासावं. मी आडवी आले. याचेच सहा फोन तपासायचे तर आपण याच्यासाठी एक खिडकी उघडतोय, आणि एक आणि दोनच्या काठावर आणखीही उमेदवार होते. शेवटी काठावरच्या सगळ्यांची रेकॉर्डिंग ऐकायची ठरली. जेवणाच्या वेळेपासून मी हेडफोन लावून बसले.

वीसहून जास्त नावं फोनवर वाचून दाखवणं हा काय प्रकार असतो, ते ऐकल्याशिवाय कळत नाही. क्रम प्रत्येकासाठी संगणक बदलतो, नाहीतर पहिल्या नावांचा फायदा होतो. इंटरव्ह्यूअर बिचारा एका सुरात वाचत जातो. मागे कुत्रं भुंकत असतं. सातव्या-आठव्या नावाला कुणी म्हणतं, “बायडन, बायडन, पुढे चला.” एक बाई पूर्ण यादी शांतपणे ऐकून म्हणाल्या, “यातले निम्मे कोण आहेत?” एका आजोबांनी आपल्या उमेदवाराचं नाव घेतलं आणि वर कारणही दिलं, ते ज्या गावात राहतात तिथल्या ग्रंथालयात तो येऊन दीड तास बोलला होता आणि खुर्च्या आवरायला थांबला होता. आजोबांचं वजन ०.५२.

मग तो मुलगा. मागे गाड्यांचा आवाज, बहुतेक कामावरून निघालेला. यादी संपली. दोन सेकंद काही नाही.

“शेवटचं कोणतं म्हणालात?”

इंटरव्ह्यूअरने नाव परत सांगितलं.

“हं, तेच लिहा.”

हेडफोन काढून मी बॉसला ऐकवलं. ती म्हणाली, “वैध आहे.” होतंच वैध. इंटरव्ह्यूअरने काही सुचवलं नव्हतं, प्रश्न जसा होता तसा वाचला, उत्तर मिळालं ते नोंदवलं. कोण कशामुळे मत देतो हे आपण मोजत नाही. प्रत्यक्ष मतदानात तरी कोण विचारतं? पण ग्रंथालयातल्या खुर्च्या आवरलेल्या बघणारे आजोबा अर्धा माणूस, आणि “शेवटचं ते लिहा” म्हणणारा तीन माणसं, आणि तोही ४.१ नाही म्हणून उमेदवार घरी, हे सगळं पद्धतशीरपणे बरोबर होतं. एकही पायरी चुकलेली नव्हती. मला खटकलं ते हेच.

पोलच्या खाली ‘अधिक-उणे इतके टक्के’ असं लिहिलेलं असतं. ४३६ जणांना ते साधारण ४.७ येतं. पण तो आकडा पन्नास टक्क्यांच्या आसपासच्या उत्तरांसाठी असतो. दीड टक्क्याला चूक त्याहून लहान, अधिक-उणे १.१ च्या घरात, आणि वजनांमुळे त्याहून थोडी जास्तच. म्हणजे दीड टक्का मिळाला तर खरा आकडा अर्धा असू शकतो, अडीचही असू शकतो. १ आणि २ यांतला फरक आमच्या यंत्राला दिसतच नाही. धान्याच्या पोत्याच्या काट्यावर सोनं मोजायला द्यावं तसा हा प्रकार.

संध्याकाळी आईचा फोन आला. तिला एवढंच कळलं की कुणाचा तरी नंबर थोडक्यात हुकला. “म्हणजे डिपॉझिट गेलं का?” तिने विचारलं. मला हसू आलं. आपल्याकडे लोकसभेला २५,००० रुपये भरा आणि उभे राहा. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत की रक्कम जप्त. कुणाची अनामत गेली हे लोकांनी ठरवलेलं असतं, तेही मतं टाकून. इथे पहिलं मत आयोवात ३ फेब्रुवारी २०२० ला पडणार होतं, आणि माणसं गळायला लागली होती ऑगस्टमध्येच. वादसभेत नाही म्हणून टीव्हीवर नाही, टीव्हीवर नाही म्हणून पोलमध्ये नाही. वॉशिंग्टन राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर जे इन्स्ली यांच्याकडे १,३०,००० देणगीदार झाले होते, पण पोल नव्हते. २१ ऑगस्टला त्यांनी माघार घेतली. २८ तारखेला सकाळी शेवटचे दोन राष्ट्रीय पोल आले, क्विनिपिॲकचा आणि यूएसए टुडे-सफोकचा. आणखी एक उमेदवार टॉम स्टायर यांना २ टक्क्यांचा एकच पोल कमी पडत होता, तो मिळाला नाही. संध्याकाळी सिनेटर कर्स्टन जिलिब्रँड यांनी माघार जाहीर केली. ह्यूस्टनच्या मंचावर दहा जण उभे राहिले, एकाच रात्रीत मावले.

माझा तो दिवस संपण्याआधी मी एक काम केलं. प्रसिद्धीच्या मसुद्यात एक वाक्य घातलं: या पोलमध्ये १ आणि २ टक्क्यांमधला फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने अर्थपूर्ण नाही. बॉसने ते पहिल्या पानावर ठेवलं. ज्यांच्यासाठी पोल केला त्यांनी काढलं नाही, पण उचलून शेवटच्या पानावर, पद्धतीच्या बारीक अक्षरातल्या टिपेत नेऊन ठेवलं.

पोल प्रसिद्ध झाल्यावर तासाभरात त्या उमेदवाराच्या प्रचार कार्यालयातून फोन आला. आकडेवारी बघणारा कुणी तरुण होता, आवाजावरून झोप न झालेला. नम्र होता. त्याला दशांश हवा होता. देता येत नाही, म्हटलं. “एवढंच सांगा, १.४ च्या वर आहे की खाली?” तेही सांगता येत नाही, म्हटलं. मग तो म्हणाला की त्याने शेवटचं पान वाचलंय.

“तुम्हीच लिहिलंय की एक आणि दोन यांत फरक नाही.”

“हो.”

“मग दोन का नाही लिहिलंत?”

मी त्याला पूर्णांकाचा नियम सांगितला. तो त्याला माझ्याइतकाच माहीत होता. त्याने ऐकून घेतलं, आभार मानले आणि आमचा पुढचा पोल कधी आहे ते विचारलं.