तुम्ही विचारलंत म्हणून: रोज धावणाऱ्या सैनिकाला हृदयविकार कसा होतो?

मी सैन्यात डॉक्टर होतो हे कळले की समोरचा माणूस थोड्या वेळाने हमखास विचारतो, की पहाटे उठून धावणाऱ्या आणि कवायत करणाऱ्या सैनिकाला हृदयविकाराचा झटका येतोच कसा. शरीर कसलेले असले की रक्तवाहिन्याही स्वच्छच असणार, असे विचारणाऱ्याने मनोमन गृहीत धरलेले असते.

हे गृहीतक १९५३ मध्येच डळमळीत झाले. कोरियन युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांची हृदये शवविच्छेदनात तपासली गेली तेव्हा, सरासरी वय अवघे २२ असूनही, सुमारे ७७ टक्के जणांच्या हृदयधमन्यांत आजाराच्या खुणा आढळल्या. काहींत धमनीच्या अस्तराला नुसता जाडपणा आला होता, तर काहींत वाट जवळजवळ बुजली होती. (त्या काळी सैनिकाच्या शिध्याच्या पाकिटात सिगारेटी असत आणि त्या १९७५ पर्यंत दिल्या जात होत्या, हेही विसरू नये.) इराक व अफगाणिस्तानच्या मोहिमांत मरण पावलेल्या ३,८३२ अमेरिकी सैनिकांचा असाच अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा हे प्रमाण साडेआठ टक्क्यांवर आले होते. निकष आणि पद्धत वेगळी असल्याने दोन्ही आकडे शेजारी ठेवताना जपावे लागते. पण याच दुसऱ्या अभ्यासात लठ्ठपणाचे निदान झालेल्या सैनिकांत आजार अधिक दिसला, आणि मला ती नोंद एकूण टक्केवारीपेक्षा महत्त्वाची वाटते.

अडचण अशी, की सैन्यात लठ्ठपणा ओळखणे वाटते तितके सोपे नाही. १७५ सेंटिमीटर उंचीच्या दोन जवानांचे वजन ८० किलो असेल, तर दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २६ च्या आसपास येतो आणि कागदावर दोघेही सारखेच जाड ठरतात. प्रत्यक्षात एकाचे वजन मांड्या-खांद्यांच्या स्नायूंत असते, तर दुसऱ्याचे पोटाच्या आत, यकृत व आतड्यांभोवती साठलेल्या चरबीत. ही आतली चरबी स्निग्धाम्ले थेट यकृताकडे पाठवते, इन्शुलिनचा परिणाम बोथट करते, रक्तदाब व ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) वाढवते आणि शरीरात सौम्य दाह धुमसत ठेवते. म्हणून कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, हा साधा नियम मला वजनकाट्यापेक्षा भरवशाचा वाटतो.

वार्षिक तपासणी जवळ आली, की पोट सुटलेले जवान चार दिवस उपाशी राहत, पाणी तोडत आणि वजन कसेबसे मर्यादेत आणत. महिन्याभरात ते पुन्हा पूर्वपदावर येई. आकडा बसला की मीही सही करून पुढच्याला हाक मारली आहे, आणि मोजपट्टी खणातच राहिली आहे. ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत धावून दाखवणे ही दमसासाची परीक्षा आहे. धमनीच्या भिंतीत काय साचते आहे, याविषयी ती काहीच सांगत नाही.

शिवाय नोकरीचे स्वरूपही हृदयाला पोषक नसते. रात्रपाळीचे पहारे, तुटक झोप, तंबाखू आणि घरापासून दूर राहण्याचा ताण यांची भर वर्षानुवर्षे पडत जाते. त्यातच बढती मिळाली की धावपळ कमी होऊन टेबल-खुर्ची वाट्याला येते, मात्र जड ओझे घेऊन मैलोगणती चालणाऱ्या शरीराला लागलेली भूक बढतीबरोबर कमी होत नाही. निवृत्तीनंतर तर व्यायामाचा हुकूम देणाराही कोणी उरत नाही. चाळिशीतल्या माजी सैनिकांत मला जे रुग्ण दिसले, त्यांतील बहुतेक जण ‘मी कधीकाळी सगळ्यांच्या पुढे धावायचो’ असे सांगत, आणि ते खरेही असे.

त्यामुळे आता कोणी हा प्रश्न विचारला, तर मी उलट तीन गोष्टी विचारतो: कमरेचा घेर किती, रक्तदाब शेवटचा कधी मोजला, आणि वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत झटका आला होता का. पहिल्या प्रश्नाला बहुतेक जण पँटचा नंबर सांगतात, जो बेंबीच्या खालचा असतो; म्हणून मोजपट्टी आता मी खिशातच ठेवतो.