सहा तासांत न्यूयॉर्क

दर आठ तासांनी घ्यायची एक गोळी चालू होती आणि सिंगापूरहून थेट न्यूयॉर्कला जायचं होतं. वाटेत गोळ्या किती लागतील, एवढाच प्रश्न. तिकिटावर पाहिलं तर रात्री उशिरा सुटायचं आणि पहाटे पोहोचायचं. म्हणजे सहाएक तास? पटेना. म्हटलं, अंतरच काढून बघू.

स्प्रेडशीट उघडली. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश आणि पृथ्वीची त्रिज्या 6,371 किमी, एवढ्यावर काम भागतं. पहिलं उत्तर काहीच्या काही आलं, कारण तिथे कोन रेडियनमध्ये लागतात आणि मी अंश भरले होते. ते सुधारल्यावर आलं 5,320 किमी. ताशी 900 किमीने भागलं, तर सहा तासांना थोडेसे कमी. तिकीट आणि गणित एकच सांगतायत म्हटल्यावर मी शंका गुंडाळून ठेवली. एक गोळी पुरे!

दोनेक दिवसांनी सहज पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला आणि चपापलो. न्यूयॉर्क जवळजवळ पलीकडच्या बाजूला, आणि दोरा चक्क उत्तर ध्रुवाला लागून जात होता. मग चूक सापडली. न्यूयॉर्कचा रेखांश 73.78 पश्चिम, पश्चिमेला उणे चिन्ह लावायचं असतं, ते राहिलं होतं. माझं न्यूयॉर्क किरगिझस्तानात जाऊन बसलं होतं.

उणे लावल्यावर उत्तर आलं सुमारे 15,340 किमी. आता मात्र सूत्रावर विसंबायची हिंमत नव्हती. सुदैवाने या दोन गावांचे रेखांश जवळपास समोरासमोर आहेत, त्यामुळे ध्रुवावरूनच जायचं असं धरून कागदावर पडताळा घेता येतो. 90 मधून अक्षांश वजा केले की सिंगापूर ते ध्रुव 88.64 अंश, ध्रुव ते न्यूयॉर्क 49.36, बेरीज 138. एका अंशाला 60 सागरी मैल, म्हणजे 8,280 सागरी मैल. 1.852 ने गुणलं की 15,335 किमी. एवढा फरक मला चालतो!

मग तिकिटावरचे सहा तास? ते दोन वेगळ्या घड्याळांमधले होते. न्यूयॉर्क सिंगापूरच्या मागे आहे, उन्हाळ्यात 12 तास आणि हिवाळ्यात 13. ते मिळवले की खरा प्रवास अठरा तासांच्या पुढे जातो. 15,340 ला 900 ने भागून सतराच येतात, पण विमान काही माझ्या दोऱ्यावरून जात नाही. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वरच्या थरातले जोरदार वारे पाठीशी घ्यायला ते पुष्कळदा पॅसिफिकवरून लांबचा वळसा घेतं. शिवाय धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं, उतरणं यांचा वेळ वेगळा. परतीला तेच वारे आडवे येऊ शकतात, म्हणून तिथे मी सरळ एकोणीस धरले.

विमानतळावर आधी जाऊन बसायचे तास आणि उतरल्यानंतरची रांग धरून चार गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवल्या. वैमानिकाने स्थानिक वेळ सांगितली तेव्हा शेजाऱ्याने लगेच घड्याळ बदललं. मी माझं सिंगापूरच्याच वेळेवर ठेवलं, शेवटची गोळी घेईपर्यंत.