सरकारी रिपोर्ट, ३१ कमेंट्स आणि १४ महिने: पियर रिव्ह्यूचा माझा अनुभव

मी सरकारी संशोधन विभागात शेती अर्थशास्त्राचं काम करते. माझा पहिला मोठा रिपोर्ट पियर रिव्ह्यूतून, म्हणजे त्याच विषयातल्या दुसऱ्या जाणकारांच्या तपासणीतून, बाहेर पडायला १४ महिने लागले. या क्षेत्रात नव्याने आलेली मुलं मला विचारतात की सरकारी रिपोर्टला कसला आलाय रिव्ह्यू, साहेबांची सही झाली की झालं ना? नाही होत तसं, म्हणून सविस्तर लिहितेय.

विषय वरवर सोपा होता. मक्याचा भाव वाढला की शेतकरी मक्याखालचं क्षेत्र किती वाढवतो, आणि त्यात खताचा भाव, मजुरी, अनुदान यांचा किती हात असतो. डेटा सरकारी सर्व्हेचा, म्हणजे एकेका शेतकरी कुटुंबाची माहिती, गोपनीय. आधी विभागातल्या दोघांनी वाचलं, मग बाहेरच्या दोन रिव्ह्यूअरकडे गेलं. ते कोण हे मला माहीत नाही, पण माझं नाव त्यांना माहीत होतं.

पहिल्या रिव्ह्यूअरच्या चार ओळी आल्या, चांगलं काम आहे, भाषा सुधारा वगैरे. दुसऱ्याची सहा पानं आली आणि ३१ कमेंट्स. मी ऑफिसातच बसून सगळं वाचलं आणि रागाच्या भरात लगेच उत्तर टाइप करायला घेतलं, तेवढ्यात आमच्या विभागप्रमुख मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आज काही पाठवू नकोस, घरी जा. उद्या फक्त कमेंट नंबर ३ वाच, बाकीच्या नंतर." मॅडमनी ती सहा पानं माझ्या आधी वाचली होती हे मला तेव्हा कळलं.

कमेंट ३ एका ओळीची होती: तुम्ही धरलेला भाव शेतकऱ्याला पेरताना माहीत होता का?

नव्हता. मी काढणीनंतरचा सरासरी भाव घेतला होता, कारण तो डेटा स्वच्छ मिळत होता. पण शेतकरी पेरतो तेव्हा त्याच्या हातात गेल्या हंगामाचा भाव आणि मनातला अंदाज एवढंच असतं. १९३८ मध्ये इझिकिएल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने कोळ्याच्या जाळ्याची थिअरी सविस्तर मांडली ती यावरच, की भाव बघून सगळे पेरतात, मग माल जास्त येतो, भाव पडतो, पुढच्या वर्षी सगळे हात आखडता घेतात. १९५८ मध्ये नर्लव्ह या अर्थशास्त्रज्ञाने अपेक्षित भावाचं मॉडेल दिलं, म्हणजे जुन्या भावांवरून शेतकरी पुढच्या भावाचा अंदाज कसा बांधतो ते. हे सगळं मी शिकलेले, परीक्षेत लिहिलेलं, आणि स्वतःच्या रिपोर्टमध्ये मात्र सोयीचा कॉलम उचलला होता. वर त्या काढणीच्या भावावर त्याच वर्षीच्या पेरणीचा परिणाम असतो, म्हणजे कारण कुठलं आणि परिणाम कुठला हेच ठरत नाही.

यावरचा उपाय शेतमालाच्याच अभ्यासातून आलाय हे मला फार आवडतं. फिलिप राइट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२८ मध्ये तेलांवरच्या आयात शुल्काच्या पुस्तकाला एक परिशिष्ट जोडलं, परिशिष्ट ब, आणि त्यात जवसाची मागणी आणि पुरवठा वेगळे कसे काढायचे ते दाखवलं. आज ज्याला आपण इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल म्हणतो ते तिथून सुरू झालं, म्हणजे अशी एखादी गोष्ट शोधायची जी भाव हलवते, पण पेरणीवर दुसऱ्या कुठल्या वाटेने परिणाम करत नाही. मी आदल्या हंगामात दुसऱ्या भागांत हवामानामुळे उत्पादनाला बसलेला फटका इन्स्ट्रुमेंट म्हणून घेतला. त्याने साठा कमी होतो, भावाची अपेक्षा वाढते, आणि माझ्या शेतकऱ्याच्या रानातल्या बाकी गोष्टींशी त्याचा थेट संबंध नसतो. नसतो असं म्हणणं सोपं आहे, ते पटवायला मला तीन महिने आणि अपेंडिक्सची नऊ पानं लागली, कारण एकाच वर्षी दोन्हीकडे दुष्काळ पडला तर काय, आदल्या वर्षीचा कोरडेपणा जमिनीत उरला असेल तर काय, हे सगळं दाखवावं लागतं.

मग डेटाचा प्रश्न. रिव्ह्यूअरला आकडे पुन्हा चालवून बघायचे होते, पण शेतकऱ्यांची माहिती गोपनीयतेच्या अटीवर घेतलेली असते, ती बाहेर देता येत नाही, आणि एखाद्या टेबलच्या चौकटीत दोन-तीनच कुटुंबं येत असतील तर ती चौकटसुद्धा रिकामी ठेवावी लागते. शेवटी असं ठरलं की परवानगी असलेल्या आमच्याच एका सहकारी मुलीने माझा कोड पहिल्यापासून चालवायचा आणि लेखी अहवाल द्यायचा. तिने दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. स्क्रीनवर एकच ओळ निळी केलेली होती. महागाईचा परिणाम काढून टाकायला खताच्या भावाचा कॉलम मी महागाई निर्देशांकाने भागत होते, आणि तो कॉलम आधीच्या फाइलमधून आला तेव्हाच भागलेला होता. दोनदा भागाकार. ती काहीच बोलली नाही, नुसतं बोट ठेवलं. दुरुस्त करून चालवलं तर खताच्या भावाचा परिणाम जवळजवळ निम्म्यावर आला. दिशा तीच राहिली, पण आकडा निम्मा. हा रिपोर्ट तसाच गेला असता आणि त्यावरून कुणी खताच्या अनुदानाचा हिशोब मांडला असता तर काय झालं असतं, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही. त्या मुलीचे उपकार मी विसरणार नाही.

घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत बाजारातल्या मजुरीने धरायची की कमी, यावरही कमेंट होती. काम नसलेल्या महिन्यांत बाजारातली मजुरी त्यांना मिळालीच नसती हा मुद्दा बरोबर आहे, म्हणून दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिले.

सगळ्यात अवघड टप्पा नंतर आला, तो म्हणजे मंजुरीचा. वरून निरोप आला की अनुदानाचा मोठा वाटा मोठ्या जमीनधारकांकडे गेला हे वाक्य काढा. इथे मी मॅडमशी खूप वाद घातला. त्यांनी मला १९४३ ची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट कॉलेजच्या एका पुस्तिकेत ब्राउनली या अर्थशास्त्रज्ञाने लिहिलं होतं की मार्गारिन, म्हणजे तेलापासून केलेला लोण्याचा पर्याय, लोण्याच्या तोडीचं आहे, त्यावर दूधधंदेवाले खवळले, कॉलेजने पुस्तिका मागे घेतली, आणि तिथले विभागप्रमुख थिओडोर शुल्ट्झ राजीनामा देऊन शिकागोला गेले. पुढे १९७९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. अमेरिकेत डिसेंबर २००४ मध्ये सरकारी खात्यांसाठी पियर रिव्ह्यूचे नियम निघाले, त्यात स्पष्ट म्हटलंय की रिव्ह्यूअरने शास्त्रीय आणि तांत्रिक बाबी तपासायच्या, धोरण ठरवणं खात्यावर सोडायचं. आम्हाला ते नियम लागू नाहीत, पण मॅडम म्हणाल्या, "हीच फूटपट्टी तुझ्या परिच्छेदाला लाव."

लावली. त्या परिच्छेदात दोन वाक्यं होती. एक, वाटा कुणाकडे किती गेला, जे टेबलमध्ये दिसत होतं. दुसरं, योजना बदलायला हवी, जे माझ्या कुठल्याच टेबलमधून निघत नव्हतं, कारण बदललेली योजना कशी चालेल हे मी तपासलंच नव्हतं. दुसरं मी स्वतःहून काढलं. पहिलं ठेवलं, आणि का ठेवतेय ते टेबल नंबरसकट लेखी दिलं. दोन बैठका झाल्या, आवाज चढले, मॅडम शेवटपर्यंत माझ्या बाजूने बसून होत्या. वाक्य राहिलं.

उत्तरं मी तीन कॉलमच्या तक्त्यात दिली: त्यांची कमेंट, माझं उत्तर, कुठल्या पानावर काय बदललं. पटलं नाही तिथे कारण देऊन नाही म्हटलं, असं चार वेळा. त्यातले तीन नकार त्यांनी मान्य केले.

एक कमेंट मात्र अजून तशीच आहे, नंबर २३. कसणारा एक आणि जमीन दुसऱ्याच्या नावावर, अशी कुटुंबं तुमच्या डेटात कुठे दिसतात? कुठेच दिसत नाहीत, कारण सर्व्हेत तो प्रश्नच विचारलेला नाही. मर्यादांच्या भागात मी ते ठळकपणे लिहिलं, आणि पुढच्या फेरीच्या प्रश्नावलीत तो प्रश्न घालावा म्हणून अर्ज केलाय. उत्तर यायचंय. दर महिन्याला फोन करते.