सायनला दोन दिवसांचं ट्रेनिंग करून आले, कंपनीत काम करणाऱ्या सिस्टर्ससाठी सविस्तर लिहितेय

मी नाशिकला सातपूरच्या एका कंपनीत ओएचसी, म्हणजे कामगारांचा दवाखाना, सांभाळते, 13 वर्षं झाली. हॉस्पिटलमध्ये काही अडलं तर शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरला हाक मारता येते, कंपनीत तसं कोणीच नसतं, डॉक्टर आठवड्यातून 2 दिवस येणार आणि बाकी वेळ आपण, आपलं रजिस्टर आणि दाराशी उभा असलेला कामगार. म्हणून मुंबईला सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमध्ये ट्रेनिंग आहे कळल्यावर मी मागेच लागले, आणि शेवटी एचआरने सोडलं.

आधी जाण्याचं सांगते. नाशिकवाल्यांनो, पंचवटी एक्सप्रेसने त्याच दिवशी सकाळी जायचा विचार करू नका, दादरलाच दहा वाजून जातात आणि पहिलं लेक्चर हमखास बुडतं. आदल्या दिवशी जा, हॉस्टेलमध्ये जागा मिळेल का ते नाव नोंदवतानाच विचारा. दादरवरून स्लो लोकलच पकडा, सायनला फास्ट थांबत नाही, आणि पूर्वेला उतरा. परतीला पंचवटी सीएसएमटीवरून संध्याकाळी सव्वासहाला सुटते, दादरला चढायचं तर रिझर्व्हेशन आधीच करून ठेवा, आयत्या वेळी उभं राहून यायला लागलं तर दोन दिवसांच्या दमणुकीवर फार जड जातं.

पहिल्या दिवशी कायद्याचं लेक्चर होतं, मला वाटलं कंटाळा येणार, पण नाही. जुन्या फॅक्टरीज ॲक्टचं (नोव्हेंबर 2025 मध्ये त्याच्या जागी नवा लेबर कोड आला) कलम 45, दर 150 कामगारांमागे एक फर्स्ट एड बॉक्स आणि 500 च्या वर कामगार असले की ॲम्ब्युलन्स रूम, हे पाठ असतंच आपल्याला. पण त्याच कलमात असंही होतं की बॉक्सचा ताबा फर्स्ट एडचं सर्टिफिकेट असलेल्या माणसाकडे हवा आणि कामाच्या वेळेत तो माणूस हाताशी हवा. आमच्याकडे नाईटला बॉक्सला कुलूप आणि चावी गेटवर! हे मी रोज बघत होते, पण कायद्याचं वाक्य समोर आल्यावर खरं टोचलं. परत आल्यावर पहिलं काम ते बदलण्याचं केलं.

मधे एका मॅडमनी फिलिपा फ्लॉवरडेचं सांगितलं. 1878 साली इंग्लंडमध्ये नॉरिचला कोलमनच्या मोहरीच्या कारखान्यात ती नर्स म्हणून लागली, सकाळी डॉक्टरांबरोबर दवाखाना आणि दुपारी आजारी कामगारांच्या घरी जायचं. ते ऐकून मला आमचा पाठदुखीवाला फोर्कलिफ्ट ड्रायव्हर आठवला, 20 दिवस रजेवर होता आणि मी एक फोनही केला नव्हता.

दुपारी स्पायरोमेट्रीचं, म्हणजे फुंकून फुप्फुसाची ताकद मोजायच्या टेस्टचं, प्रॅक्टिकल. मी पेशंट म्हणून बसले, नाकाला क्लिप, तोंडात माउथपीस, आणि शिकवणारे सर अगदी कानाशी येऊन "फुंका, फुंका, अजून, अजून, थांबू नका" असं शेवटपर्यंत म्हणत राहिले. छाती रिकामी झाली असं वाटल्यावरही तीन सेकंद हवा निघत होती! तेव्हा कळलं की मी कामगारांना एकदा "जोरात फुंका" सांगून गप्प बसते, आणि मग पीएमईत, म्हणजे ठरावीक काळाने होणाऱ्या तपासणीत, निम्म्या लोकांचे आलेख अर्धवट येतात, फुप्फुस चांगलं असूनही. तीन नीट फुंकर हव्यात आणि त्यातल्या चांगल्या दोन एकमेकींशी जुळायला हव्यात, नाहीतर तो आकडा रजिस्टरात लिहायचाच नाही.

पण सगळ्यात जास्त मला मिळालं ते दुसऱ्या दिवशी जेवताना. मी प्रेस शॉपमधल्या एका ऑपरेटरच्या ऑडिओग्रामची (कानाच्या तपासणीचा आलेख) झेरॉक्स नेली होती, नाव झाकून, 4000 हर्ट्झला चांगला खड्डा होता, म्हणजे तेवढ्या उंच स्वराला ऐकणं कमी झालेलं. ठाणे-बेलापूर पट्ट्यात केमिकल कंपनीत आयुष्य काढलेल्या एक सिस्टर शेजारी होत्या, त्यांनी कागद हातात घेतला, ताट बाजूला सरकवलं आणि विचारलं, "अगं, टेस्ट शिफ्टच्या आधी घेतलीस की नंतर?" मी गप्पच झाले. शिफ्ट सुटल्यावर घेतली होती, कारण प्रॉडक्शनवाले मधे माणूस सोडत नाहीत. त्या म्हणाल्या, निदान 14 तास तरी माणूस आवाजापासून लांब हवा, नाहीतर दिवसभराचा थकलेला कान आणि कायमचा गेलेला कान यात फरक कळणार कसा? चूक माझीच होती, 13 वर्षं मी अशाच टेस्ट घेतल्या आणि त्याच फाइलला लावल्या. रात्रभर तेच डोक्यात होतं.

म्हणून जाणाऱ्यांना कळकळीने सांगते, वही आणि पेनाबरोबर आपल्या ओएचसीतल्या अडलेल्या दोन-तीन केसेस न्या, नाव आणि टोकन नंबर झाकून. जेवणाच्या टेबलावर ओळखीच्यांबरोबर बसू नका, लांबच्या जिल्ह्यातल्या बाईशेजारी बसा. माझ्या दुसऱ्या बाजूला कोल्हापूरकडच्या फाउंड्रीतल्या सिस्टर होत्या, सिलिकोसिसचा (वाळूच्या बारीक धुळीने फुप्फुस खराब झालेला) माणूस टीबी म्हणून कसा औषधं खात राहतो आणि आधी कुठे कुठे काम केलं हे कोणी विचारतच नाही, हे त्यांनी सांगितलं ते स्लाइडवर नव्हतं. आणि तिथलं सेफ्टी म्युझियम सोडू नका, मशीनचे गार्ड जवळून बघितले की बोटं कशी जातात ते समजतं. सुट्टी सीएल टाकून घेऊ नका, ऑन ड्युटी मागा, पत्र जोडा. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचे क्रेडिट पॉइंट आहेत का ते फी भरायच्या आधी लेखी विचारा, नंतर कोणी दाद देत नाही.

अजून एक, 2027 ला आयसीओएचची, म्हणजे कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची, जागतिक काँग्रेस मुंबईत आहे, 1906 ला मिलानमध्ये सुरू झालेली ही संस्था, आणि त्यांच्यात नर्सिंगची वेगळी सायंटिफिक कमिटी आहे. घराजवळ येतेय तर मॅनेजमेंटच्या बजेटमध्ये आत्तापासून नाव घाला.

परत आल्यावर प्लांट हेडना तो आलेख दाखवला. आता सोमवारी, रविवारच्या सुट्टीनंतर, पहिल्या शिफ्टच्या आधी चार-चार जण सव्वासहाला येतात. पहिल्याच सोमवारी त्या ऑपरेटरला बोलावलं. खड्डा कमी झालाय, पण गेलेला नाही. त्याला ईएनटीकडे पाठवलंय, रिपोर्ट गुरुवारी येईल.